मुंगीनं पारखलेलं दूध

परवा आमच्या शेतात सीतादही झालं. कापूस फुटला की पहिल्या वेचणीआधी आमच्या वऱ्हाडात हे करतात. धुऱ्याजवळ, म्हणजे बांधाजवळ, पाच खडे मांडायचे, त्यांना हळदकुंकू लावायचं, आणि दहीभात कालवून पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या उभ्या पिकात, चारी बाजूंना शिंपायचा. शेताचं पोट भरलं की ते आपल्याला हात भरून देतं, असा समज. भात आमच्याकडे सणावारालाच शिजतो, रोजची ज्वारी. तरी शेतासाठी तांदूळ निघतात आणि दही आदल्या दिवशीच विरजून ठेवतात. परवा मीच कालवला. मुठी भरभरून शिंपला. शिंपताना दरवर्षी मनात येतं तेच आलं, की या काळ्या मातीला बरं कुणी म्हणत नाही, थांब, आधी गड्यांची जेवणं होऊ दे.

"कापूस फुटला की धनजवालीचं डोकं फिरते," असं आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. धनज माझं माहेर. इंझोरीत लग्न होऊन आले त्या दिवसापासून माझं नाव धनजवाली. खरं नाव नवऱ्यालाही विचारलं तर क्षणभर आभाळाकडे बघेल. पण डोकं फिरतं हे खोटं नाही. घरात कापसाचे ढीग पडायला लागले, त्याचा तो कोरडा, घशात अडकणारा वास यायला लागला, की माझ्या हातून भांडी आपटली जातात. का आपटतेस, असं मात्र कुणी विचारत नाही. माहेरी चौथीपर्यंत शाळा शिकले, त्याचा उपयोग एवढाच की न विचारलेलं लिहून ठेवता येतं.

आठ वर्षं झाली त्या वेचणीला. तेव्हा सरकारी कागदावर आम्ही मध्य प्रदेशात होतो, आता मुंबई राज्यात आहोत. राज्य बदललं, चुलीपुढचा कायदा होता तोच आहे. आधी मामाजी, म्हणजे सासरे, आणि कुणी पाहुणा असला तर तो. मग माझे यजमान आणि दोघे दीर. मग सालदार आणि गडी, कारण त्यांना कामावर जायचं असतं. मग आत्याबाई. आणि मग मी, हातातलं काम संपलं असेल तर. माझ्यापर्यंत पाळी येईस्तोवर वरणाच्या गंजात पळी खरवडल्याचा आवाज यायचा. भाजीच्या कढईला जे चिकटलेलं असेल ते भाकरीनं पुसून घ्यायचं. वेचणीच्या दिवसांत तर उजाडल्यापासून चूल विझतच नसे, आणि चुलीपुढे बसणारीच सगळ्यात उपाशी.

एक गोष्ट मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणारा म्हणेल, बिचारे गरीब होते. गरीब नव्हतो. पेव ज्वारीनं भरलेलं होतं, तुरी होत्या, जवसाचं तेल घरचं, गोठ्यात दुभती गाय. त्या साली पऱ्हाटी अशी लदली होती की मामाजी शेतातून आले की नुसते हसत बसायचे. मला कुणी उपाशी ठेवलंही नाही. कुणी म्हणालं नाही की हिला देऊ नका. फक्त माझं पान कुणाच्या ध्यानात नसायचं. माणूस दुष्ट असला तर त्याच्याशी भांडता तरी येतं. ध्यानातच नसलेल्या गोष्टीवरून कुणाशी भांडावं?

गुलाब झाला तेव्हा दसऱ्याला आठ दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माझी माय मी परकरात असतानाच गेलेली, म्हणून इंझोरीतच झालं. मुलगा झाला म्हणून आत्याबाईंनी अख्ख्या गल्लीत गूळ वाटला. नातवासाठी त्यांनी चार वर्षं सोमवार धरले होते. त्याला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा त्यांनी त्याचे तळपाय कपाळाला लावले, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. म्हणून मला त्यांचा नुसता राग करता येत नाही. नुसता राग करता आला असता तर कापसाच्या दिवसांत माझी भांडी आपटली नसती.

तीन दिवस त्यांनी बाळ माझ्या अंगाला लावू दिलं नाही. "बाईचा चीक जड असते," त्या म्हणाल्या. "लेकराच्या पोटात गोळा होते. पिळून टाक." मी भिंतीकडे तोंड करून पिळून टाकला. पिवळसर, दाट. बाळाला गुळाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात चोखायला दिली. ती वात तो इतक्या जोरानं ओढायचा की त्याच्या कानशिलावरची शीर उठून दिसायची. मी खाटेवरून पाहत होते आणि माझी चोळी ओली होत होती.

त्याच आठवड्यात गाय व्याली. तिचा चीक काढला, गूळ घालून गंजात वाफवला, आणि सगळ्या घरानं मिटक्या मारत खरवस खाल्ला. शेजारीही वाटीवाटीनं गेला. मामाजींनी दोनदा मागून घेतला. मला दिला नाही, बाळंतिणीला चालत नाही म्हणून. पलीकडच्या खोलीतून वास येत होता. तेव्हा मला काही सुचलं नाही, मी अवघी एकोणीस वर्षांची. आता सुचतं. गायीचा चीक सगळ्या गावाला पचतो आणि माझा माझ्या पोटच्या पोराला पचत नाही, हे कोणत्या शास्त्रात लिहिलंय? सुचून आता काय उपयोग, म्हणा.

महिना उलटला. मी चुलीपुढे परत आले. बाळंतिणीचं पथ्य म्हणून वांगं नको, तुरीचं वरण नको, थंड पाणी नको, ताक तर बघायचंही नाही. मग राहिलं काय? भाकर, आणि तीही शेवटची, वाळून कडक झालेली. पाणी मागितलं की आत्याबाई म्हणायच्या, "घोट घोट पे. पोट सुटन." मी घोट घोट प्यायले. दूध कुठून येणार होतं? गुलाब पाच मिनिटं ओढायचा, मग तोंड बाजूला करून रडायचा. रडून रडून त्याचा आवाज मांजरीच्या पिलासारखा झाला.

आत्याबाईंनी मनावर घेतलं. त्यांनी मनावर घेतलं नसतं तर बरं झालं असतं. एका सकाळी त्या पितळी वाटी घेऊन आल्या. "यात काढ दूध. पारखून पाहू." ही पारख त्यांच्या माहेरी सगळ्या बायांची व्हायची म्हणे. दुधात काळी मुंगी सोडायची. पोहून काठाला लागली तर दूध गोड, बुडून मेली तर दुधात इख, म्हणजे विष. मी वाटीत काढलं, वाटीचा तळ झाकेल इतकंच आलं. त्यांनी उंबऱ्यावरची मुंगी चिमटीत उचलून सोडली. आम्ही दोघी वाकून पाहत होतो. मुंगीनं पाय हलवले, एकदा गोल फिरली, आणि थांबली. आत्याबाईंनी वाटी हलवली. मुंगी हलली नाही.

आत्याबाई रडायला लागल्या. खरंच सांगते, पदर तोंडाला लावून रडल्या. "माया नातू इख पेऊन राह्यला होता वं. आन मी पाहूनच राह्यली."

मग बकरी आली. बकरीचं दूध अर्धं आणि पाणी अर्धं, बोंडल्यानं पाजायचं. बोंडलं म्हणजे चोच असलेली छोटी वाटी. बाळाला मांडीवर आडवं धरून त्या चोचीतून घशात सोडायचं. तो गिळायचा, निम्मं नाकातून यायचं. चार दिवसांत त्याला जुलाब लागले. आत्याबाई म्हणाल्या, "मायच्या दुधाचं इख निंगून राह्यलं पोटातून." जुलाब थांबले नाहीत. मग इख फार होतं म्हणाल्या. माझी छाती त्यांनी जुन्या लुगड्याच्या पट्टीनं आवळून बांधली, आणि मी भाकरी थापायला बसले.

आता माझी गोष्ट सांगते, जी मी कुणालाच सांगितलेली नाही. दोनदा मी पट्टी सोडून कडब्याच्या गंजीमागे त्याला पाजलं. भर दुपारी, सगळे शेतात असताना. तो चिकटला, आणि मला असं वाटलं की कुणीतरी माझ्या छातीवरचा दगड उचलला. तिसऱ्या वेळी मी त्याला घेतलं, पट्टीला हात घातला, आणि थांबले. मला ती मुंगी दिसली. गोल फिरून थांबलेली. ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आत्याबाईंच्या सांगण्यावरून नाही. तो माझ्याकडे तोंड वर करून ओठ हलवत होता. मी त्याला खाली ठेवलं. सासूचं खापर सासूच्या डोक्यावर, पण हे माझं माझ्या डोक्यावर. मी शिकलेली होते, चार बुकं वाचलेली होती, आणि मीच थांबले.

शेतात दुसरा वेचा चालू होता. वेचायला येणाऱ्या बायांची लेकरं बाभळीच्या फांदीला झोळीत टांगलेली असायची. लेकरू रडलं की बाई ओटीतला कापूस खाली करायची, झोळीपाशी बसून त्याला पाजायची, आणि पाजता पाजता स्वतःची शिदोरी सोडून खायची. भाकर, लाल तिखट, कांदा. कुणाची वाट पाहायची नाही, कुणाला विचारायचं नाही. त्यांच्या घरी उद्याचं पीठ असेल की नाही सांगता यायचं नाही, पण लेकरांचे गाल बघत राहावेत असे. त्यांच्यातली एक माझ्या खांद्यावरच्या गुलाबला बघून म्हणाली, "बाई, तुमचं लेकरू काहून सुकलं वं? तुमाले त सगळं हाये." मी म्हटलं, दात येऊन राह्यले. दोन महिन्यांच्या पोराला.

यजमानांची वाशीमच्या कोर्टात धुऱ्याच्या भांडणाची तारीख होती. मी म्हटलं, मला आणि गुलाबला घेऊन चला, तिथं बायांचा दवाखाना आहे. आत्याबाई म्हणाल्या, नजर काढली आहे, फरक पडेल. मी म्हटलं, मी येणार. तोपर्यंत मी घरात "मी येणार" असं कधी म्हटलं नव्हतं, म्हणून सगळे इतके चकित झाले की कुणाला नाही म्हणायचं सुचलं नाही. आदल्या दिवशी दमणीनं, बैलांच्या हलक्या गाडीनं, मंगरूळला गेलो, मुक्काम केला, सकाळच्या मोटारीनं वाशीम. मोटारीत गुलाब रडला नाही. रडायलाही अंगात जोर लागतो.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पुण्याकडचं बोलायच्या. त्यांनी गुलाबच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली.

"काय पाजता याला?"

"बकरीचं दूध."

"आणि तुझं?"

मी मुंगीचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या हसल्या नाहीत. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "तुला पोहता येतं का?"

"नाही."

"मग तुला दुधानं भरलेल्या विहिरीत टाकलं आणि तू बुडालीस, तर दोष दुधाचा का?"

त्यांनी माझी पट्टी स्वतःच्या हातानं सोडली आणि गुलाबला लावलं. फार थोडं उरलं होतं, पण होतं. त्यांनी यजमानांना आत बोलावलं. ते टोपी हातात धरून उभे राहिले. "ऐका," बाई म्हणाल्या. "औषध लिहून देण्यासारखं काही नाही. हिनं पोटभर जेवायचं, भरपूर पाणी प्यायचं, आणि याला मागेल तेव्हा पाजायचं. घरात आधी ही जेवेल, मग बाकीचे. नाहीतर हे मूल महिनाभरात जाईल. कळलं?"

"हो जी," यजमान म्हणाले. "हो जी, हो जी."

वाशीमला कोर्टाच्या मागच्या गल्लीत एक खानावळ होती. यजमान प्रत्येक तारखेला तिथं जेवायचे आणि घरी येऊन वर्णन करायचे. रस्सा असा, वांगं तसं, भाकर तव्यावरून थेट ताटात. मी चुलीपुढे बसून ऐकायचे. त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. लांबट खोली, जमिनीवर पाटांची रांग, साक्षीला आलेली खेड्यापाड्यातली माणसं मुंडासं मांडीवर ठेवून जेवत होती. एकही बाई नव्हती. यजमान दारातच अवघडले. "तू बाहेर बस," म्हणाले, "मी पुडा बांधून आणतो."

खानावळवाली आतून बघत होती. जाड, घामानं निथळलेली, कपाळ मोकळं. ती तिथूनच ओरडली, "कायले बाहेर बसवता? लेकुरवाळी हाये थे. ये वं बाई, मांगच्या दारानं ये."

मागच्या खोलीत जात्याजवळ तिनं मला पाट दिला. पितळी ताट पुढे ठेवलं. वाढणाऱ्या पोरीला म्हणाली, "तिकडचे थांबतीन. हिले आधी वाढ." भाकर आली. तव्यावरून उतरलेली, फुगलेली, वाफेनं माझी बोटं भाजली. मी आयुष्यात हजारो भाकरी भाजल्या असतील, पण गरम भाकर कशी लागते हे मला त्या दिवशी कळलं. बोलायला लाज वाटते, पण लिहिते. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी खातच राहिले. वरण, वांग्याचा रस्सा, कच्चा कांदा, वर तेलाची धार. एक संपायच्या आत दुसरी.

"आनखी घे," ती म्हणाली.

"बस झालं."

"नाई झालं. मले दिसून राह्यलं नं. लाजू नोको, एथं कोनी सासू नाई."

तिच्याकडे लोक पोटभर जेवले तर तिचं चालणार, म्हणून ती सगळ्यांना आग्रह करत असेल. असू दे. पण विकत मिळणाऱ्या जागी मला "आणखी घे" म्हणणारं कुणी भेटलं, आणि जिथं पेव भरलेलं होतं तिथं चार वर्षांत भेटलं नव्हतं. तिसऱ्या भाकरीला गुलाब मांडीवर चुळबुळला. मी पदराआड घेतलं. एका हातानं खात होते, दुसऱ्या हातात तो. आणि दूध आलं. माझं मलाच कळलं, पाठीतून काहीतरी सरसरत पुढे आल्यासारखं. तो ठसकला, इतकं आलं. ठसकून परत चिकटला. खानावळवालीनं बघितलं आणि चौथी भाकर टाकली.

बाहेरून यजमानांचा आवाज आला, "आवर नं. मोटार निंगून जाईन. लोकं पाहून राह्यले." मी चौथी भाकर संपवली आणि मगच उठले. मोटारीत त्यांनी तिकिटं टोपीत खोचली. मग म्हणाले, "तू चार भाकरी खाल्ल्या थे घरी सांगू नोको." मी म्हटलं, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते तर सांगाल? ते म्हणाले, "सांगतो."

घरी पोचलो त्या संध्याकाळी मी ताटं वाढून दाराशी उभी राहिले. मामाजी जेवायला बसले, हे बसले, दीर बसले. आत्याबाई समोर बसून वारा घालत होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हने थे डाक्टरीन?" यजमानांनी घास तोंडात घातला, चावला, गिळला. म्हणाले, "नजर लागली म्हने. होईन बरं." मग हात धुतले आणि बाहेर खाटेवर जाऊन बसले. त्यांच्या मनात काय होतं मला आजही माहीत नाही. आईला तिच्या तोंडावर चूक म्हणायची हिंमत नव्हती, इतकंच असेल. त्यांच्यासाठी ती एका वाक्याची गोष्ट होती. माझ्या पोरासाठी महिना होता.

दुसऱ्या दिवशी मी वाटीत बकरीचं दूध घेतलं आणि उंबऱ्यावरची मुंगी त्यात सोडली. बुडाली. गायीच्या दुधात सोडली. बुडाली. पाण्यात सोडली, तीही गोल फिरून थांबली. तिन्ही वाट्या मी यजमानांपुढे नेऊन ठेवल्या. त्यांनी तिन्हींत नीट बघितलं. मग म्हणाले, "काढून टाक त्या मुंग्या. दूध वाया जाईन."

तिथं माझं सांगणं संपलं. मी चोरी सुरू केली. भाकरी भाजताना दुसरी-तिसरी भाकर तव्यावरून उतरली की तिच्यावर तेल-तिखट घालून घडी करायची आणि ओच्यात खोचायची. पोटाला चटके बसायचे. शेण काढायचं म्हणून गोठ्यात जायचं, उभ्यानं खायचं, गायीच्या बादलीतलं पाणी ओंजळीनं प्यायचं. मग गुलाबला ऊन दाखवायला नेते म्हणून कडब्याच्या गंजीमागे न्यायचं. बोंडल्यातलं बकरीचं दूध वासराच्या तोंडात. दिवसातून दोनदा, तीनदा, जमेल तेव्हा. माझ्याच सासरच्या घरात, माझ्याच हातानं भाजलेली भाकर. आठ दिवसांत जुलाब थांबले. पंधरा दिवसांत त्याच्या मांडीला वळी पडली. पौषात तो हसला, आत्याबाईंकडे बघून.

आत्याबाईंनी बकरीला हळदकुंकू लावलं. ही बकरी कधी कापायची नाही, विकायची नाही, असं सगळ्यांसमोर सांगितलं. "माया बकरीनं वाचोलं माया नातवाले," हे त्या आजही सांगतात, आणि सांगताना डोळ्यांत पाणी येतं. मी बाजूला असते. वासरू मात्र त्या साली चांगलं धष्टपुष्ट झालं.

मग एक दिवस आत्याबाई गोठ्यात आल्या. माझ्या तोंडात घास होता, हातात अर्धी भाकर. वेचणीच्या बाया अंगणात कापूस उतरवत होत्या. आत्याबाईंनी माझा हात धरून मला बाहेर आणलं. "पाहा वं, पाहा. घरचे मानसं जेवले नाई अजून, आन हे चोरून खाऊन राह्यली." सुनेला वांझ म्हणतात, भांडखोर म्हणतात, पण चोरून खाते म्हणणं याच्यापुढे काही नाही. ते एकदा लागलं की निघत नाही. बाया खाली बघायला लागल्या. मला एक वाक्य बोलायचं होतं, की मी त्याला पाजते म्हणून खाते. ते बोलले असते तर माझ्या दुधाचं इख पोराच्या पोटात जातंय म्हणून त्याला माझ्यापासून तोडलं असतं. तोंडातला घास मी गिळला. म्हटलं, "भूक लागली होती." यजमान ओसरीवर उभे होते. वाशीमच्या चार भाकरी त्यांना माहीत होत्या. ते आत निघून गेले.

त्या दिवसापासून इंझोरीत धनजवाली चोरून खाते. लग्नकार्यात मला वाढपात घेत नाहीत. हसत हसत म्हणतात, हिला चुलीपासून लांब ठेवा. मी आणखी वर्षभर चोरून खाल्लं, कारण आता नाव पडलंच होतं. गुलाब चालायला लागला तेव्हा सोडलं. नाव तसंच आहे.

गुलाब आता आठ वर्षांचा आहे. धट्टाकट्टा, आवाज खणखणीत, दुसरीत पहिला. पुरुषांच्या पंगतीत बसतो, आजोबांच्या शेजारी. परवा सीतादही करून आम्ही घरी आलो तेव्हा मी सकाळपासून पाण्याच्या घोटावर होते. सगळ्यांना वाढून झालं. गुलाबशेजारी एक पाट रिकामा होता, एक दीर मंगरूळला गेलेला. मला काय झालं सांगता येत नाही. पाय दुखत होते, भाकर गरम होती, आणि तो माझा मुलगा होता. मी एक ताट घेतलं आणि त्याच्याजवळ ठेवून बसले. कुणी काही बोललं नाही. आत्याबाईही बोलल्या नाहीत.

गुलाबनं माझ्या ताटाकडे पाहिलं. मग हातानं ते ताट जरा सरकवलं, उगाच दुष्टपणानं नाही, शाळेतल्या मास्तरसारखं, मला माहीत नसलेली गोष्ट समजावून सांगितल्यासारखं.

"तू मांगून जेवजो नं माय," तो म्हणाला. "तुले कायची भूक? तू त चुलीपाशी चोरून खाऊनच घेते."

मामाजी हसले. दीर हसला. यजमान ताटात बघत होते. मला वाटलं त्याच्या कानाखाली द्यावी. मला वाटलं त्याला कडेवर घेऊन कडब्याच्या गंजीमागे जावं. यातलं काही मी केलं नाही. मी ताट उचललं, त्यातली भाकर त्याच्या ताटात टाकली, आणि त्यानं वरण मागितलं म्हणून वरण आणायला उठले.